डोंगरातल्या मजलिसीत मुलाखतीला जाताना

दर वर्षी ऑक्टोबर लागला की मला तेच फोन येतात. शारजात, अल् ऐनमध्ये, अबुधाबीत शिकणारी आपली मुलं विचारतात, पुण्या-मुंबईहून प्रबंधाच्या कामाला आलेली विचारतात, कधी त्यांचे आईवडीलच विचारतात. "डोंगरातल्या गावात जाऊन जुन्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. थेट गाडी काढून जायचं का? परवानगी कोणाची? फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल ना?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण चूक तिथेच सगळ्यात महागात पडते. न विचारता रेकॉर्ड केलं तर चालत नाही. आपल्याकडे तो असभ्यपणा ठरेल, इथे तो गुन्हा आहे. बाकीचं क्रमाने पाहू.

कुठलं गाव, आणि गावकरी कुठे

अमिरातीत खेडी कुठे आहेत, असं दुबईत वीस वर्षं काढलेली माणसंही विचारतात. रास अल् खैमाच्या डोंगरांत शौका, मुनैई आहेत. शारजाचं शीस हजर पर्वतात आहे. दुबईचं हत्ता आणि अजमानचं मसफूत शेजारी शेजारी आहेत. दक्षिणेला रिकाम्या वाळवंटाच्या कडेला लिवाच्या खजूरबागांची वस्ती आहे.

पण नकाशावर गाव सापडलं म्हणजे गावकरी सापडले असं समजू नका. १९७१ मध्ये संघराज्य झाल्यावर सरकारने बांधून दिलेल्या वसाहतींत, ज्यांना लोक 'शाबिया' म्हणतात, डोंगरातली बरीच कुटुंबं उतरली. वरची दगडी घरं ओस आहेत, बागेत पाणी सोडायला मजूर आहे, आणि घरमालक सुटीच्या दिवशी येतो. सगळ्यात ठळक उदाहरण जझीरत अल् हमराचं. रास अल् खैमाच्या किनाऱ्यावरचं हे मोती काढणाऱ्यांचं गाव १९६८च्या सुमारास रिकामं झालं आणि तिथले झाब जमातीचे लोक अबुधाबीला गेले. गाव बघायचं तर रास अल् खैमाला जा, गावकऱ्यांशी बोलायचं तर अबुधाबीला. म्हणून विषय ठरवताना जागेच्या आधी माणसं शोधा.

निघण्याआधीचे कागद

- विद्यापीठाची मंजुरी. संशोधन नैतिकता समितीकडे अर्ज करा. प्रश्नांचा मसुदा आणि संमतीपत्र अरबी व इंग्रजी दोन्हींत जोडा. मंजुरीला आठवडे लागतात, हिवाळा निघून जातो. अर्ज उन्हाळ्यातच करा.
- ओळखीचं पत्र. विभागप्रमुखांच्या सहीचं, विद्यापीठाच्या शिक्क्याचं, अरबीत लिहिलेलं. तुम्ही कोण, काय विचारणार, कोणाला फोन करून खात्री करता येईल, एवढंच त्यात हवं.
- सर्वेक्षण असेल तर वेगळी परवानगी. चार म्हाताऱ्यांशी गप्पा मारणं वेगळं आणि घरोघरी प्रश्नावली भरून घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला त्या त्या अमिरातीच्या सांख्यिकी विभागाची परवानगी लागू शकते. विद्यापीठामार्फतच विचारा, स्वतःच्या अंदाजावर जाऊ नका.
- भेटीच्या व्हिसावर आलात तर इथल्या एखाद्या संस्थेशी जोडून घ्या. रास अल् खैमात २००९ पासून अल् कासिमी फाउंडेशन संशोधनाला मदत करतं. शारजात वारसा संस्था आहे, अबुधाबीत राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागार आहे, आणि तिथे मौखिक इतिहासाचं कामही चालतं. आधी तिथे जाऊन, ज्यांच्याशी तुम्ही बोलणार आहात त्यांच्याशी आधीच कोणी बोललं आहे का, हे पाहा. एकाच आजोबांना तीन विद्यार्थ्यांनी तेच प्रश्न विचारणं बरं नव्हे.

ड्रोन नोंदणी आणि परवानगीशिवाय नेऊ नका. लष्करी किंवा सरकारी आवाराचा फोटो काढू नका. पडक्या घराजवळची खापरं, मणी उचलू नका, पुरातन वस्तूंसाठी इथे स्वतंत्र कायदा आहे.

वेळ आणि वाट

नोव्हेंबर ते मार्च हाच खरा हंगाम. उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची विश्रांती असते, यावरून उन्हाचा अंदाज घ्या. शुक्रवारची दुपार नमाजाची आणि घरच्या जेवणाची, ती सोडा. रमजान सध्या हिवाळ्यातच येतो. दिवसा कोणाला बोलायला लावू नका. रात्री मात्र मजलिस, म्हणजे घरातली पाहुण्यांची बैठक, उशिरापर्यंत भरते, बोलावणं आलं तर अवश्य जा.

पाऊस हलका घेऊ नका. कोरड्या ओढ्याच्या पात्राला इथे वादी म्हणतात, आणि बरेच रस्ते त्या पात्रातूनच जातात. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी मिनिटांत खाली येतं. १६ एप्रिल २०२४ला अल् ऐनजवळ खत्म अल् शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला होता. २०२३ पासून नियमही कडक झाले. पावसात वादीजवळ गर्दी केली तर १,००० दिरहम दंड आणि परवान्यावर ६ काळे गुण. पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहम, २३ काळे गुण आणि गाडी ६० दिवस जप्त. राष्ट्रीय हवामान केंद्राचा इशारा पाहूनच निघा. ठरलेली भेट पावसामुळे रद्द केली तर डोंगरातला माणूस कधीच रागावत नाही.

आणखी एक खाच विम्याची. खोर फक्कानजवळ मदहा हा ओमानचा तुकडा चहूबाजूंनी अमिरातीने वेढलेला आहे, आणि त्याच्या पोटात नहवा हे शारजाचं गाव आहे. वाटेत चौकी लागत नाही, त्यामुळे देश बदलला हे कळतही नाही. पण तुमचा विमा ओमानात चालतो का, हे आधी कंपनीला विचारा.

घरी कोणाला तरी गावाचं नाव आणि परतण्याची वेळ सांगून ठेवा. फोनची रेंज जाते. पोलिसांचा क्रमांक ९९९, रुग्णवाहिकेचा ९९८.

ओळख कोणामार्फत

सगळ्यात चांगली ओळख म्हणजे तुमच्या वर्गातल्या अमिराती मित्राचे किंवा मैत्रिणीचे आजोबा. दुसरी म्हणजे शाळेचे शिक्षक किंवा गावातल्या छोट्या संग्रहालयाचे चालक. प्रत्येक गावात एक 'बकाला', म्हणजे किराणा दुकान, असतं. ते बहुतेक वेळा केरळचा माणूस चालवतो आणि त्याला गावातलं प्रत्येक घर ठाऊक असतं. त्याला पत्ता विचारा, त्याच्याकडून पाणी विकत घ्या. पण त्याला दुभाषी करू नका. ज्याच्याकडे घराची उधारी लिहिलेली असते, त्याच्यासमोर घरातलं दुखणं कोणी बोलत नाही.

दुभाषी नातू असेल तर आजोबा खुलतात, पण नातू आजोबांची पाच वाक्यं एका वाक्यात उरकतो. त्याला आधी एकांतात सांगा: "गाळू नकोस, सुधारू नकोस, नाही कळलं तर पुन्हा विचार." डोंगरातल्या शिहू जमातीची बोली शहरातल्या अरबी शिक्षकालाही पटकन समजत नाही, म्हणून त्याच भागातला माणूस शोधा.

आणि तुमच्याजवळ एक किल्ली आहे, तिचा वापर करा. इथे १९६६ पर्यंत रुपया चालत होता. आधी भारताचा, आणि १९५९ पासून खास आखातासाठी काढलेला. मोत्याचा व्यापार मुंबईशी होता, आजारी माणसाला मुंबईला नेत होते. पंख्याला 'बंका', बुटांना 'जूती', बटाट्याला 'आलू', सरळ जा म्हणायला 'सीदा' हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. सत्तरीच्या पुढच्या बऱ्याच माणसांना हिंदी समजते, काहींना छान बोलता येते. एका आजोबांसमोर मी नातवाकडे बघून प्रश्न विचारत होतो. मी मुंबईकडचा आहे हे कळल्यावर ते नातवाला म्हणाले, "तू गहवा आण." आणि पुढचा तास आम्ही दोघं हिंदीत बोललो.

पहिल्या भेटीत वही काढू नका

हे मी आग्रहाने सांगतो. पहिली भेट फक्त भेट असते.

मजलिसीचं दार घराच्या दारापासून वेगळं असतं, तिकडेच जा. चपला बाहेर. बसलेल्या प्रत्येकाला सलाम करा आणि उजव्या हाताने हात मिळवा. समोर बाई असेल तर तिने हात पुढे केल्याशिवाय तुम्ही करू नका. पायाचे तळवे कोणाकडे करून बसू नका. आधी तब्येत, मग घरचे, मग पाऊस, मग खजूर. त्यांची खुशाली तीन वेळा विचारली जाते आणि तुमचीही. ही टाळाटाळ नाही, इथे माणूस असाच ओळखला जातो.

गहवा येतो. फिंजान हा कानाशिवायचा छोटा पेला, त्यात जेमतेम पाव भाग कॉफी असते. उजव्या हाताने घ्या. रिकामा नुसता पुढे केलात तर पुन्हा भरला जाईल. पुरे झालं की मनगट हलवून पेला थोडा डोलवा, मग वाढणारा तो घेऊन जातो. पहिल्याच पेल्याला नको म्हणू नका.

वयस्क पुरुषाला नावाने हाक मारू नका. थोरल्या मुलाच्या नावावरून 'बू सईद', 'बू राशिद' अशी हाक असते, आणि बाईला 'उम्म सईद'. ठाऊक नसेल तर 'अल् वालिद', म्हणजे वडील, म्हटलं तरी चालतं. जाताना खजूर किंवा चांगली मिठाई न्या. पैसे देऊ नका, तो अपमान होईल.

सुरुवातीच्या दिवसांत एकदा मी बसल्यावर दहा मिनिटांत रेकॉर्डर पुढे ठेवला. यजमानांनी मला जेवू घातलं, गाडीत लिंबांची पिशवी ठेवली, आणि विषयावर एक शब्द बोलले नाहीत. पुन्हा बोलणं सुरू व्हायला दोन हिवाळे गेले.

प्रश्न कसे विचारायचे

"कोणत्या साली?" असं विचारू नका. आपल्या आजीला तुम्ही साल विचारत नाही. ती 'बहात्तरच्या दुष्काळात', 'कोयनेच्या भूकंपाच्या वर्षी' असंच सांगते. इथेही खुणा आहेत. "रुपया चालत होता तेव्हा की दिरहम आल्यावर?" दिरहम १९७३ मध्ये आला. "इत्तिहादच्या आधी की नंतर?" इत्तिहाद म्हणजे २ डिसेंबर १९७१, पण रास अल् खैमा संघराज्यात आलं १० फेब्रुवारी १९७२ला, हे तिथे बोलताना विसरू नका. शिवाय जुनी माणसं वर्ष मोजतात ते ऑगस्टात सुहैल तारा उगवल्यापासून, दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य.

"जुन्या काळी जीवन कसं होतं?" या प्रश्नाला "कठीण होतं, अल्लाहची कृपा" एवढंच उत्तर येतं. वस्तूपासून सुरुवात करा. रास अल् खैमाच्या डोंगरांत 'बैत अल् कुफ्ल' नावाची दगडी कोठारं आहेत, अर्धी जमिनीत गेलेली. उन्हाळ्यात लोक खजुरांसाठी खाली किनाऱ्यावर उतरायचे तेव्हा धान्य त्यात कुलूपबंद ठेवायचे. आतले रांजण दारापेक्षा मोठे. म्हणजे आधी रांजण ठेवले आणि मग भोवती भिंती रचल्या. मी एका यजमानांना आपल्याकडच्या धान्याच्या पेवाबद्दल सांगितलं, वाळूवर बोटाने चित्र काढून दाखवलं. त्यांनी हात धरून मला उठवलं आणि टेकडी चढून त्यांच्या वडिलांच्या कोठारापाशी नेलं. कुलपाची किल्ली कोणाकडे असायची, एका वर्षी धान्य का पुरलं नाही, शेजाऱ्याने काय दिलं, हे सगळं त्यांनी त्या दारात उभं राहून सांगितलं. तुम्ही आपल्या गावचं काही दिलंत तर ते त्यांच्या गावचं देतात.

काही प्रश्न टाळा:

- घरातल्या बायकांची नावं पुरुषाला विचारू नका. कुटुंबाची वंशावळ काढताना 'मुलगी', 'आई' एवढ्यावर थांबा.
- दोन जमातींमधले जुने वाद, जमिनीच्या आणि देशांच्या सीमा, राज्यकर्त्यांची घराणी, कोणाचं नागरिकत्व, धर्म. तुमच्या विषयाला याची गरज नसेल तर काढूच नका. त्यांनी आपणहून काढलं तर ऐका, पण लिहिण्याआधी मार्गदर्शकांशी बोला.

रेकॉर्डिंग: कायदा आणि हक्क

अफवा व सायबर गुन्ह्यांविरुद्धचा २०२१चा ३४ क्रमांकाचा संघराज्य कायदा परवानगीशिवाय दुसऱ्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करणं आणि त्याचा फोटो काढणं किंवा पसरवणं गुन्हा मानतो. शिक्षा किमान सहा महिने कैद, किंवा दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. जागा सार्वजनिक होती हा बचाव नाही. त्याच वर्षीच्या ४५ क्रमांकाच्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माणसाला दिलेली संमती परत घेण्याचा हक्क दिला आहे.

संमती तीनदा घ्या. आदल्या भेटीत तोंडी. मुलाखतीच्या दिवशी रेकॉर्डर सुरू करण्याआधी, आणि सुरू केल्यावर लगेच पुन्हा, म्हणजे ती आवाजात राहते. सगळं संपल्यावर विचारा, "यातलं काय वापरू, काय नको?" ज्यांना लिहिता येत नाही त्यांना कागदावर अंगठा लावायला सांगू नका. आवाजातली संमती आणि एक साक्षीदार याला तुमच्या समितीची मंजुरी आधीच घेऊन ठेवा.

समोरच्याला हे हक्क त्याच्या भाषेत वाचून दाखवा:

- कोणत्याही प्रश्नाला उत्तर न देण्याचा
- मध्येच रेकॉर्डर बंद करायला सांगण्याचा
- नाव, गाव लपवून ठेवायला सांगण्याचा
- नंतर विचार बदलला तर सगळं पुसायला लावण्याचा
- ध्वनिमुद्रणाची प्रत मागण्याचा

व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर मुलाखत घेऊ, असं काही जण ठरवून येतात. ते कॉल इथे चालत नाहीत. फोनवर बोललात तरी ध्वनिमुद्रणाची परवानगी तितकीच आवश्यक.

बायकांशी बोलायचं असेल तर

पुरुष संशोधकाने हा हट्ट धरू नये. मैत्रीण, बहीण, सहकारी बरोबर घ्या आणि ती मुलाखत पूर्णपणे तिच्यावर सोपवा. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्या बायकांनी बायकांपाशी बसल्यामुळे. इथे खूस, म्हणजे खजुराच्या झावळ्यांचं विणकाम, किंवा सदू हे लोकरीचं विणकाम शिकायला बसलेल्या मुलीला जे ऐकायला मिळतं, ते प्रश्नावली घेऊन गेलेल्याला मिळत नाही.

बागेतला मजूर

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि विद्यार्थी इथेच घसरतात. गावात पहिला भेटतो तो बांगलादेशाचा, पाकिस्तानचा, कधी आपल्याच देशाचा मजूर. त्याला हिंदी येते, वेळ असतो, बोलायला कोणी नसतं. तासाभरात तो पगार, घरचं कर्ज, मालकाचं वागणं सगळं सांगतो. तुम्हाला वाटतं, मोठं साहित्य मिळालं.

त्याची नोकरी आणि इथलं राहणं मालकाशी बांधलेलं असतं हे लक्षात ठेवा. तुम्ही संध्याकाळी दुबईला परत जाता, तो तिथेच राहतो. म्हणून:

- तुमचा विषय मजुरांचा नसेल तर त्याचं बोलणं साहित्य म्हणून वापरू नका. मंजुरीही तुम्हाला त्यासाठी मिळालेली नाही.
- विषय तोच असेल तर त्याची वेगळी संमती घ्या, मालकाच्या नजरेआड आणि मालकामार्फत नव्हे. नाव, बागेचं ठिकाण, जिल्हा, काहीही लिहू नका. एका वादीत तीनच बागा असतील तर 'एका वादीतला बंगाली मजूर' म्हणणंही ओळख सांगण्यासारखंच आहे.
- त्याचा फोटो नको, त्याच्या खोलीचाही नको.
- पगार थकल्याची तक्रार सांगितली तर तुम्ही मालकाकडे जाऊ नका. मनुष्यबळ मंत्रालयाचा क्रमांक ६००५९०००० त्याला द्या. भारतीय असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८०० ४६३४२ द्या. फोन करायचा की नाही, हे त्याला ठरवू द्या.

परत आल्यावर

त्याच रात्री टिपणं लिहा. आवाजाच्या फाइलला खरं नाव देऊ नका, क्रमांक द्या, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी ठेवा. लिहून झालं की मजकूर घेऊन पुन्हा जा, त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. फोटो काढले असतील तर छापून न्या. बहुतेक घरांत आजोबांचा तोच एक चांगला फोटो असतो. कुटुंबाची संमती असेल तर ध्वनिमुद्रणाची प्रत अबुधाबीच्या अभिलेखागारात ठेवता येईल का, हे विचारा. तुमच्या संगणकात ती पाच वर्षांत हरवेल.

१९७१ साली जो वीस वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. समितीचा अर्ज या आठवड्यात भरा आणि ओळखीच्या आजोबांना फोन करून फक्त तब्येत विचारा.